पावणेएकोणीसशे युरो कुठे जातात?

वर्षाला ६०,००० युरो. पुण्यातला एखादा तरुण अभियंता श्टुटगार्टच्या कंपनीचं ऑफर लेटर उघडतो, तेव्हा त्याची नजर आधी या आकड्यावर जाते. बाराने भागलं की महिन्याला ५,०००. घरात लगेच रुपयांत गुणाकार होतो, काका-मामांना फोन जातात. मग तो तिकडे पोहोचतो, पहिला पगार जमा होतो आणि खात्यात दिसतात साधारण ३,१२५ युरो. पावणेएकोणीसशे युरो मधल्या मधे गेले. ‘जर्मनीत टॅक्स फार’ हे वाक्य तिथून सुरू होतं आणि पुढे प्रत्येक नव्या येणाऱ्याला ऐकवलं जातं.

हे वाक्य चुकीचं आहे आणि त्यामुळे नुकसान होतं, म्हणून हा लेख. त्या पावणेएकोणीसशेमध्ये टॅक्स आहे जेमतेम आठशे युरो. उरलेली रक्कम विम्याची आहे आणि त्यातला प्रत्येक युरो पगारदाराच्या नावावर काही ना काही हक्क जमा करतो. हक्क कोणता, तो कधी आणि कसा मागायचा, हे माहीत नसेल तर मात्र ते पैसे खरोखरच गेले.

आपण त्या तरुणाची सॅलरी स्लिप समोर घेऊ. वय तीस, अविवाहित, मूलबाळ नाही, चर्चचा सभासद नाही, आरोग्य विमा सरकारी पद्धतीचा. आकडे २०२५ सालचे आहेत. मर्यादा आणि काही दर तिथे दर जानेवारीत बदलतात. वर लिहिलेलं असतं ब्रुटो, म्हणजे एकूण पगार, ५,००० युरो. खाली कपाती. पेन्शन विमा एकूण १८.६ टक्के, त्यातला अर्धा कर्मचाऱ्याचा: ४६५ युरो. आरोग्य विमा १४.६ टक्के, त्यावर विमा संस्थेचा जादा दर सरासरी अडीच टक्के. दोन्हींचा निम्मा वाटा मिळून ४२७ युरो ५० सेंट. बेकारी विमा २.६ टक्के, निम्मे ६५ युरो. म्हातारपणी किंवा अपंगत्वात सांभाळ करण्यासाठीचा शुश्रूषा विमा ३.६ टक्के, त्यातला निम्मा, आणि तेविशी ओलांडलेल्या अपत्यहीन माणसाला वर ०.६ टक्के जादा, असे १२० युरो. या चार ओळींची बेरीज १,०७७ युरो ५० सेंट. त्यानंतर प्राप्तिकर, सुमारे ७९७ युरो. हा आपल्या टीडीएससारखाच कंपनी कापून भरते. तळाशी नेटो, म्हणजे हातात येणारी रक्कम.

स्लिपवर न दिसणारा एक आकडा मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. याच कर्मचाऱ्यासाठी कंपनी स्वतःच्या खिशातून आणखी १,०४७ युरो ५० सेंट भरते. अपघात विम्याचा हप्ता त्याहून वेगळा, आणि तो तर पूर्णपणे कंपनीचाच. म्हणजे ५,०००चा माणूस कंपनीला सहा हजारांच्या वर पडतो. आपल्याकडे आयटीतली माणसं पगार सांगतात तो सीटीसी. त्यात कंपनीने भरायचा पीएफ धरलेला असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही. जर्मन करारातल्या ब्रुटोमध्ये मालकाचा वाटा धरलेला नसतो. पुण्यातला सीटीसी आणि श्टुटगार्टचा ब्रुटो शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याची सुरुवातच चुकते. तुलना करायचीच तर दोन्हीकडची हातात येणारी रक्कम, दोन्हीकडचा खर्च, आणि आजारपण किंवा नोकरी गेल्यावर दोन्हीकडे काय मिळेल, अशा तीन गोष्टींची करावी.

या कपातींना वरची मर्यादाही आहे. २०२५ मध्ये आरोग्य आणि शुश्रूषा विम्याचा हप्ता महिन्याच्या ५,५१२ युरो ५० सेंटपर्यंतच्या पगारावर लागत होता, पेन्शन आणि बेकारी विम्याचा ८,०५० युरोपर्यंत. त्यावरच्या पगारातून विमा कापला जात नाही, फक्त कर जातो. पगारवाढीची बोलणी करताना हे ध्यानात असलं तर वाढीतलं हातात किती येईल याचा अंदाज बरोबर बांधता येतो.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. स्लिपवरच्या ओळींना आपापली जन्मसालं आहेत. चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात १८८३ मध्ये आरोग्य विमा आला, १८८४ मध्ये अपघात विमा, १८८९ मध्ये वार्धक्य आणि अपंगत्वाचा विमा. समाजवाद्यांकडे झुकणारा कामगार राज्याशी बांधून ठेवावा, हा त्यामागचा उघड राजकीय हेतू होता. बेकारी विमा १९२७ चा. शुश्रूषा विमा अगदी अलीकडचा, १९९५ चा, आणि त्याची कथा सांगण्यासारखी आहे. मालकांवर पडणारा नवा भार भरून काढायला एक सार्वजनिक सुट्टी रद्द करायचं ठरलं. नोव्हेंबरातला प्रॉटेस्टंट प्रायश्चित्ताचा बुधवार त्यासाठी निवडला गेला. सगळ्या राज्यांनी ती सुट्टी सोडली, झाक्सन या राज्याने मात्र राखली. म्हणून आजही ड्रेस्डेन किंवा लाइपझिगमध्ये काम करणाऱ्याचा या विम्यातला वाटा इतरांपेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त आणि मालकाचा तेवढाच कमी असतो. आपल्या तरुणाला तिथे दरमहा २५ युरो जास्त मोजावे लागतील; बदल्यात नोव्हेंबरात एक सुट्टी.

अपघात विम्याची ओळ स्लिपवर नसते, म्हणून त्याची आठवण कोणालाच राहत नाही. पण घरून कामावर जाताना किंवा परत येताना थेट वाटेवर पडून हात मोडला, तरी तो या विम्यात बसतो. डॉक्टरला पहिल्याच भेटीत ‘कामाच्या वाटेवर पडलो’ असं सांगायचं असतं. ते न सांगणारे बरेच असतात.

आता पहिला मोठा निर्णय, आरोग्य विम्याचा. वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या (२०२५ मध्ये ७३,८०० युरो) वर असेल तर सरकारी पद्धतीतून बाहेर पडून खासगी विमा घेता येतो. तिशीतल्या निरोगी माणसाला खासगी कंपनीचा हप्ता बराच कमी दिसतो, डॉक्टरची वेळ लवकर मिळते, आणि एजंट मंडळी नव्याने आलेल्या भारतीयांना बरोबर गाठतात. सही करण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. सरकारी विम्यात न कमावणारी बायको किंवा नवरा आणि मुलं एकही जादा युरो न देता समाविष्ट होतात; खासगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. शिवाय खासगीत गेल्यावर परतीची वाट अरुंद असते आणि पंचावन्न वर्षांनंतर ती जवळजवळ बंदच होते. दोन-तीन वर्षांत परत यायचं पक्कं असलेल्या एकट्या माणसाचं गणित वेगळं असू शकेल. संसार थाटून राहणाऱ्याने सरकारी पद्धत सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

करांकडे येऊ. २०२५ मध्ये वर्षाच्या १२,०९६ युरोपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर शून्य कर होता. तिथून १४ टक्क्यांनी सुरुवात होऊन दर हळूहळू चढत ४२ टक्क्यांपर्यंत जातो, आणि फार मोठ्या उत्पन्नावर ४५. जर्मन एकीकरणानंतरच्या काळात लागलेला एकजूट अधिभार अजून कायद्यात आहे, पण २०२१ पासून बहुसंख्य पगारदारांना तो लागत नाही. आपल्या तरुणालाही नाही.

स्लिपच्या कोपऱ्यात एक रोमन आकडा असतो, एक ते सहा. हा करवर्ग. अविवाहिताचा एक, एकट्याने मूल सांभाळणाऱ्याचा दोन, नवरा-बायकोंसाठी तीन-पाच किंवा चार-चार अशी जोडी, आणि दुसऱ्या नोकरीला सहा. शहरात पत्ता नोंदवल्यावर सरकारकडून टपालाने अकरा आकडी करक्रमांक येतो. तो कंपनीला वेळेत दिला नाही तर सहावा वर्ग लागून पहिला पगार चांगलाच आक्रसतो. क्रमांक दिला की हिशेब दुरुस्त होतो, त्यामुळे घाबरायचं कारण नसतं.

लग्न झालेल्यांसाठी मात्र इथे खरा पैसा आहे. बायको साताऱ्याला आणि नवरा श्टुटगार्टला असेल तर जर्मन कर कार्यालय त्याला सहसा पहिल्याच वर्गात धरतं. बायको जर्मनीत राहायला आली, पत्ता नोंदवला गेला, की दोघं चौथ्या वर्गात जातात. ती कमावत नसेल तर अर्ज करून नवऱ्याला तिसरा वर्ग घेता येतो, आणि त्याच ५,००० युरोंवरचा मासिक कर ७९७ वरून सुमारे ४१७ वर येतो. यामागे १९५८ पासून चालत आलेला नियम आहे: जोडप्याच्या उत्पन्नाची बेरीज करायची, दोघांत निम्मी वाटायची, एका निम्म्यावर कर काढायचा आणि तो दुप्पट करायचा.

दोघं कमावत असतील तर तीन-पाचची जोडी सावधपणे निवडावी. पाचव्या वर्गातल्या व्यक्तीच्या, म्हणजे बहुतेक घरांत बायकोच्या, हातात येणारी रक्कम खूपच घटते. वर्षाअखेरच्या विवरणपत्रात करांचा हिशेब बरोबर होतो हे खरं. पण बेकारी भत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालक भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतात आणि ते मागाहून दुरुस्त होत नाहीत. बाळाचा विचार असेल तर करवर्ग बदलायचा अर्ज फार आधी, गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीलाच करावा लागतो. मराठी घरांत हिशेबाची वही नवऱ्याकडे असते आणि महिन्याला शंभर युरो जास्त दिसतात म्हणून तीन-पाच निवडला जातो. पुढे तोटा होतो तो तिच्या भत्त्यात. हा निर्णय दोघांनी बसून करायचा आहे.

पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. जर्मनीत मान्यताप्राप्त कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि काही ज्यू संस्थांचा कर राज्यच गोळा करून देतं. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तो प्राप्तिकराच्या ८ टक्के, इतर राज्यांत ९ टक्के. हिंदू, बौद्ध, जैन, शीख किंवा मुसलमान माणसाला हा कर नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसाला मात्र तो लागू होतो, बाप्तिस्मा भारतात झाला असला तरी. आपल्या उदाहरणात तो महिन्याला ६४ युरोंच्या घरात जाईल. तो द्यावा की न द्यावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न; पण सभासदत्व सोडायचं असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन तशी औपचारिक नोंद करावी लागते.

पहिल्या वर्षीचं विवरणपत्र सगळ्यात फायद्याचं असतं आणि नेमकं तेच भरायचं राहून जातं. समजा माणूस सप्टेंबरात रुजू झाला. कंपनी दर महिन्याला असं धरून कर कापते की हा बाराही महिने ५,००० मिळवतो आहे. प्रत्यक्षात जर्मनीत त्याला चारच महिन्यांचा पगार मिळाला. त्यामुळे कापलेल्यातला बराच भाग परत मिळू शकतो. जानेवारी ते ऑगस्टचा भारतातला पगार जर्मनी करपात्र धरत नाही, पण दर ठरवताना तो विचारात घेते, म्हणून तो दाखवावाच लागतो आणि त्यामुळे विवरणपत्र भरणंही सहसा बंधनकारक होतं. मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत. विमानाचं तिकीट, सामान हलवण्याचा खर्च, नोकरी शोधताना झालेला खर्च, घरून काम केलेल्या दिवसांचे प्रत्येकी ६ युरो, हे सारं त्यात मांडता येतं. वर्षाला १,२३० युरोंची वजावट कोणत्याही पावतीविना मिळते. खर्च त्याहून जास्त असेल तरच पावत्यांचा उपयोग. ज्यांना भरणं बंधनकारक नाही त्यांना चार वर्षं मागे जाऊनही भरता येतं. सरकारचं एल्स्टर नावाचं संकेतस्थळ फुकट आहे, जर्मन यायला हवं एवढंच.

भारताचं करवर्ष एप्रिल ते मार्च, जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या भारतीय वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी दिवस भारतात राहिला तर तो अनिवासी ठरतो आणि जर्मन पगाराशी भारतीय प्राप्तिकर खात्याचा संबंध उरत नाही. सप्टेंबरात गेलेला माणूस यात सहज बसतो. जानेवारीत गेलेला बसत नाही. जानेवारी ते मार्चच्या जर्मन पगाराचा प्रश्न त्याच्यासमोर भारतात उभा राहतो, आणि तिथे दोन देशांमधला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार कामी येतो. हा करार नव्वदच्या दशकापासून लागू आहे. रुजू होण्याची तारीख आपल्या हातात असेल तर कॅलेंडर समोर ठेवून ती मागून घ्यावी.

आतापर्यंत जर्मन कंपनीशी थेट करार करणाऱ्याबद्दल लिहिलं. पुण्या-मुंबईच्या कंपनीने डेप्युटेशनवर पाठवलेल्याची गोष्ट वेगळी. थोड्या महिन्यांसाठी पाठवलेला माणूस करवर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त जर्मनीत नसेल, पगार भारतीय कंपनीच देत असेल आणि त्याचा भार जर्मनीतल्या शाखेवर पडत नसेल, तर त्या पगारावर कर भारतातच लागतो. तीनही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. फक्त दिवस मोजून निश्चिंत होणाऱ्यांची इथेच फसगत होते.

सामाजिक विम्यासाठी भारत-जर्मनीत स्वतंत्र करार आहेत. पाठवलेल्या कर्मचाऱ्यांपुरता पहिला करार २००८ मध्ये झाला आणि २००९ मध्ये लागू झाला. २०११ मध्ये सही झालेला व्यापक करार १ मे २०१७ पासून अमलात आहे. त्यानुसार ईपीएफओकडून प्रमाणपत्र घेतलं तर ४८ महिन्यांपर्यंत पीएफ भारतातच चालू राहतो आणि जर्मनीत पेन्शन व बेकारी विमा कापला जात नाही. आरोग्य विमा या करारात नाही, त्याची सोय वेगळी पाहावी लागते. प्रमाणपत्र न काढता निघू नये. ते मिळवण्याची जबाबदारी कंपनीच्या एचआरवर असते, ती निघण्याआधीच पार पाडून घ्यावी. या सवलतीमुळे हातात जास्त येतं. पण तेवढी वर्षं जर्मन पेन्शनच्या खात्यात जमा होत नाहीत, आणि ज्याला तिथेच स्थिरावायचं आहे त्याला हे महागात पडतं. ब्लू कार्डवर थेट नोकरी करणाऱ्याला २७ महिन्यांच्या पेन्शन हप्त्यांनंतर, आणि जर्मन बी-वन पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनंतर, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. डेप्युटेशनवाल्याचं हे घड्याळ सुरूच होत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून आयटीबाहेरचेही लोक, वॉर्डातल्या परिचारिका आणि इलेक्ट्रिशियन, या वाटेने जाण्याची तयारी करत आहेत. जर्मन शिकण्याइतकाच वेळ त्यांनी करार कोणाशी होतो आहे हे समजून घ्यायला द्यावा.

नोकरीचे नियम पाहताना आपली सवय आड येते ती रजांच्या बाबतीत. पीएल, सीएल, एसएल असे तीन डबे तिथे नाहीत. १९६३ च्या कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवसांची रजा मिळते. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या अठ्ठावीस-तीस देतात. आजारपण या रजेतून जात नाही. नोकरीला चार आठवडे झाले की कोणत्याही आजारात सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. त्यानंतर विमा संस्था ब्रुटोच्या ७० टक्के, पण नेटोच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, इतका भत्ता देते. एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. रजेवर असताना ताप आला आणि डॉक्टरचा दाखला घेतला, तर तेवढे दिवस रजेच्या खात्यात परत येतात. तरी आपली माणसं अंगात ताप घेऊन लॅपटॉप उघडतात, कारण सिक लीव्ह शिल्लक ठेवायची सवय हाडात मुरलेली असते. आजारपणातला पगार हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो वापरावा. आजारी पडल्या दिवशी कामावर कळवायचं. आजार तीन दिवसांपेक्षा लांबला तर चौथ्या दिवशी डॉक्टरचा दाखला लागतो. सरकारी विमा असलेल्यांचा दाखला २०२३ पासून विमा संस्थेमार्फत कंपनीला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळतो.

कामाचे तास दिवसाला आठ, सरासरी सांभाळून कमाल दहा, आणि दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती. रात्री साडेअकरापर्यंत पुण्याशी कॉलवर बसलेल्या माणसाला सकाळी साडेदहाच्या आधी कामावर बोलावता येत नाही. भारतातल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांनी हे स्वतःच्या मॅनेजरला सांगायला कचरू नये.

सगळ्यात जास्त जपायची वेळ म्हणजे नोकरी जाण्याची. पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांची नोटीस. सहा महिने झाले आणि कंपनीत दहापेक्षा जास्त माणसं असली की कामावरून काढण्याविरुद्धचा कायदा लागू होतो. मालकाला कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं. काढल्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीनिशीच असायला हवं. ईमेल, व्हॉट्सॲप, स्कॅन केलेली पीडीएफ यांपैकी काहीही चालत नाही. कंपनीत कर्मचाऱ्यांचं निवडून आलेलं मंडळ असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, नाहीतर ती कारवाई रद्द ठरते.

आणि पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावावा लागतो. तीन आठवडे उलटले की बेकायदा कारवाईही कायदेशीर धरली जाते. इथे एक बारकावा आपल्या लोकांसाठी फार मोलाचा आहे: पत्र घराच्या टपालपेटीत पडलं की ते मिळालं असं समजतात, माणूस त्या वेळी गणपतीला गावी आलेला असला तरी. उशीर माफ व्हावा म्हणून न्यायालयाकडे अर्ज करता येतो, पण तो मान्य होईलच असं नाही. लांब रजेवर जाताना टपालपेटी उघडून पत्रांचे फोटो पाठवणारा शेजारी-मित्र ठेवावा. दावा लावायला वकील लागतोच असं नाही. न्यायालयातल्या अर्ज-कक्षात जाऊन तो तोंडी सांगितला तरी तिथला कर्मचारी लिहून घेतो. पहिल्या पायरीवर हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी तुमच्यावर येत नाही.

कंपन्यांना बऱ्याचदा हा वाद नको असतो. मग एका खोलीत बोलावून, गोड बोलून, परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा करार पुढे केला जातो. सोबत दोन-तीन पगारांची रक्कम. भिडस्त मराठी माणूस तिथल्या तिथे सही करतो. ती करू नये. ‘घरी नेऊन वाचतो’ एवढं म्हणण्याचा पूर्ण अधिकार असतो. स्वतःच्या सहीने नोकरी संपवली असं धरून बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो. तो भत्ता छोटा नसतो: अडीच वर्षांत बारा महिने हप्ते भरलेले असतील तर सहा महिने, चोवीस महिने भरलेले असतील तर वर्षभर, नेटोच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. नोकरी संपणार असं कळलं की रोजगार कार्यालयात तीन दिवसांत नाव नोंदवायचं, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही मुदतीत कळवायचं. व्हिसा त्याच क्षणी संपत नाही. नवी नोकरी शोधायला सहसा काही महिने मिळतात. घाबरून आठ दिवसांत सामान बांधून निघालेला माणूस भत्ताही सोडतो आणि संधीही.

परत येणाऱ्यांचा पेन्शनचा प्रश्न शेवटी उरतो. पाच वर्षं हप्ते भरले असतील तर जर्मन पेन्शनचा हक्क तयार होतो आणि वयात आल्यावर ते पेन्शन भारतात बसूनही मिळतं. २०१७ पासूनच्या करारामुळे दोन्ही देशांतला कालावधी पात्रतेसाठी एकत्र धरता येतो: आपल्या ईपीएसला दहा वर्षं लागतात, आणि सात वर्षं पुण्यात व चार वर्षं जर्मनीत काढलेला माणूस दोन्हीकडे पात्र ठरू शकतो, प्रत्येक देश आपापल्या वाट्यापुरतं पेन्शन देतो. पाच वर्षांपेक्षा कमी हप्ते भरून युरोपीय संघाबाहेर परतलेल्याला साधारणपणे चोवीस महिने थांबून ते परत मागता येतात, पण मिळतो फक्त स्वतःचा निम्मा वाटा. कंपनीने भरलेला निम्मा तिथेच राहतो, आणि पैसे घेतल्यावर तेवढ्या कालावधीवरचा सारा हक्क संपतो. ज्याचं ईपीएसचं खातं चालू आहे त्याने आधी दोन्ही कालावधींची बेरीज करून पाहावी आणि मगच अर्जाला हात घालावा. अर्ज भारतातूनही करता येतो. त्याला लागतो तो पहिल्या नोकरीच्या वेळी मिळालेला बारा अक्षर-आकड्यांचा विमा क्रमांक आणि पेन्शन संस्थेकडून मिळणारा आजवरच्या हप्त्यांचा उतारा. जर्मनी सोडण्यापूर्वी तो उतारा मागवून घ्यावा आणि प्रत्येक महिना त्यात आला आहे का, हे सॅलरी स्लिपांशी ताडून पाहावं.